चुलीची जागा

तेरच्या थांब्यावर धाराशिवच्या गाडीची वाट बघत होतो. शेजारी एक म्हातारी आणि धोतराला पांढरी माती लागलेले गुरुजी बोलत होते.

"गुरुजी, माळवद झालं म्हणायचं."

"झालं, उमाबाई. आज छतावर शेवटची माती टाकली. तुमच्या वडिलांचं घर आता गळणार न्हाय."

"इतिहास मंडळाचं दुसरं कुणी आलं न्हाय?"

"सुरुवातीला अकरा जण होतो. आता गवंडी आणि मी."

"मग पुढच्या रविवारी?"

"काम संपलं. कुणी बघायला आलं तर कुलूप उघडायचं."

"दोन वर्षं तुम्ही विचारायचात, रांजण कुठं होता, जातं कुठं होतं. लेकाच्या घरी मला कुणी काहीच विचारत न्हाय."

"तुम्ही सांगितलं म्हणून घर उभं राहिलं."

"एक सांगू? रागावू नका. म्या दाखवली तिथं चूल नव्हती."

"मग कुठं होती?"

"छताच्या साण्याखाली. धूर त्या भोकातनं सरळ वर जायचा."

"हे आज आठवलं?"

"पहिल्यापासून ठावं होतं."

"साणं एकीकडं आणि चूल दुसरीकडं, माझ्याही तेव्हाच ध्यानात आलं होतं."

"मग बोलला का न्हाय?"

गाडी आली. गुरुजींनी तिची पिशवी उचलली.

"चला. पुढच्या रविवारी चूल हलवायची, लवकर या."

"व्हय. जात्याचंबी नीट आठवून येते."