भिंतीकडे तोंड

नाही नाही, त्या फळीला हात लावू नका भाऊ — आधी ऐका. ज्या पुस्तकांची नावं भिंतीकडे ती तुम्ही न्यायची, नावं दिसतायत ती आमची, असं फोनवर मीच सांगितलं होतं, कबूल. इतिहास शिकवला जन्मभर, मस्ती करणाऱ्या पोरांना भिंतीकडे तोंड करून उभं करायचो, तसंच केलं — जे द्यायचं ते उलटं, म्हणजे नाव दिसायला नको नि जीव अडकायला नको. आणि आता बघा, एक तरी उलटं दिसतंय? आमच्या हिचं काम, दुसरं कोण करणार? पुसायला घेतलं की सगळं सरळ करून ठेवायचं, हा तिचा स्वभावच. आता यातलं द्यायचं कुठलं, मी तरी काय सांगू?

परत निवडायला वेळ कुठाय? उद्या ही जागा सोडायची. लेकीनं तळमजल्यावर दोन खोल्या बघितल्यात — हिचे गुडघे पार गेलेत हो. चार जिने चढायचे म्हणजे मधल्या जिन्यावर बसते. विचारलं तर म्हणते, जरा वारा घेतेय. जिन्यात कसला आलाय वारा? नव्या जागेत माझं एकच कपाट मावतं, बाकीचं गेलं नाही तर आमचं जाणंच राहिलं. म्हणून तर तुम्हाला बोलावलं. तुमच्याआधीचे दोघं रद्दीवाले रिकाम्या हातानं गेले, पण त्यात माझा काय दोष? एकानं हे हेल्मेट उलटं धरून विचारलं, कुंडी म्हणून चालेल का. युद्धातलं हेल्मेट आहे, हा पोचा बघा — इथं कुणाचा तरी जीव वाचलाय. वाचला असेलच असं नाही, मी आपलं तसं समजतो. घ्या, हातात घेऊन बघा — नको, द्या इकडे.

हे नऊ खंड न्या. पाचवा सोडून, तो शोधता शोधता माझे केस पिकले तेव्हा कुठं मिळाला — बरोबर, पाचव्याशिवाय बाकीच्यांना कोण विचारणार? मग राहू देत. नकाशांना जागा कितीशी लागते? आणि सैनिकांच्या बटणांचा हा डबा, त्यानं काय अडतंय? हसू नका. हिचं बरंय, तिचं सगळं एका पिशवीत आवरलं. शिवणयंत्र देऊन टाकलं, आईचा आरसा शेजारणीला दिला. मी म्हटलं, अगं, वाईट नाही वाटलं? म्हणाली, वाटलं. आणि भांडी बांधायला गेली. आत कागदांचा आवाज येतोय ना, तीच.

तेव्हा दोष कुणाचा, तुम्हीच सांगा. मी माझं काम चोख केलं होतं, हिनं फडकं फिरवलं नि — काय? वरची फळी? हो, तीही सरळ केलीय. स्टुलावर चढली असेल, त्यात काय —

हो. गुडघे. आत्ता मीच सांगितलं तुम्हाला.

असे बघू नका. एखादं नाव भिंतीकडे दिसलं की मला राहवायचं नाही, एवढं एकच सरळ करतो म्हणायचो. ती दारातून बघायची. — आतला आवाज थांबलाय. कधीपासून थांबलाय?

दाराआडचं ते स्टूल घ्या. वरच्या फळीपासून सुरू करा, नावं वाचू नका, मला विचारू नका. पाचवा खंडही न्या. हेल्मेटची कुंडी करा नाहीतर काय वाटेल ते करा. खाली नेताना तेवढं वरून काहीतरी झाका. मी मधल्या जिन्यावर बसतो. हिनं विचारलं तर सांगा, जरा वारा घेतोय.