गोदामाच्या आगीची केस

दातांच्या दवाखान्यात ताटकळत बसलेल्या एका बाईंच्या कानावर शेजारच्या बाकावरच्या दोन म्हाताऱ्यांचं बोलणं पडत होतं.

“वकीलसाहेब, ओळखलंत?”

“नाही हो. तीस वर्षं सरकारी वकिली केली. आता सगळे चेहरे एकमेकांत मिसळतात.”

“गोदामाच्या आगीची केस. माझ्यासाठी सात वर्षं मागितली होतीत.”

“झाली किती?”

“पाच. सगळी भोगली.”

“राग असेल माझ्यावर.”

“होता. आता तेवढा दम उरला नाही.”

“खरं सांगा, आग तुम्हीच लावली होती ना?”

“नाही, साहेब. पण तुम्ही असं काही बोललात, की माझ्या आईलाही ते पटलं. ती जाईपर्यंत पटलेलंच राहिलं.”

आतून वकिलांचा नंबर पुकारला.

“उठा साहेब, तुमचा नंबर आला.”

“तुम्ही जा आधी. मी बसतो जरा.”