ओबेड नाखव्याची झोप

—नाही नाही, उताणं. उताणं झोपलं की येते ती, तसं लिही. कुशीवर झोपणाऱ्याला म्हातारी शिवत नाही हे आमच्याकडं पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं, त्याच्यासाठी तुमच्या विद्यापीठानं बोटीतून एवढ्या लांब पोरगी धाडायची काही गरज नव्हती. चहात दूध घाल, डब्यातलंच आहे, गाय नाही इथं. हं, तर काय म्हणत होतीस — मन जागं होतं आणि अंग झोपलेलंच राहतं? डोळे उघडे, खोली दिसते, बोटसुद्धा हलत नाही, आणि छातीवर कुणीतरी बसलंय. बरोबर. अगदी अस्संच. फक्त तुम्ही म्हणता कुणी बसलेलं नसतं. नसेल. ओबेड पार्डीला जाऊन सांगायला हवं होतंस हे.

ओबेड कोण? या खाडीतला नाखवा. मोठं गलबत त्याचं, पाच होड्या, एकेका होडीत एकेक माणूस. माझा नवरा एलाय त्यातलाच. माणूस म्हणून ओबेड वाईट नव्हता हो — हे लिहू नकोस, नाहीतर लिही, आता काय फरक पडतो — हसरा होता, चर्चमध्ये सगळ्यांच्या वर आवाज लावायचा. लग्नात माझ्या नाचलासुद्धा. त्या वर्षी ऑगस्टात बाहेरच्या समुद्रावर कॉड मासे धरायला गेले होते, दुपारी धुकं उतरलं. धुकं उतरलं की काय करायचं? गलबतावरून हातानं दांडा मारून भोंगा वाजवत राहायचं. होडीतला माणूस त्या आवाजाच्या रोखानं वल्हवत येतो, दुसरा आधार नाही त्याला. चार होड्या आल्या. एलायची सगळ्यात लांब होती. ओबेड बाकीच्यांना म्हणाला, तुम्ही खाली जाऊन मासे चिरा, भोंग्याचं मी बघतो. आणि मग सगळे परत आले, एलाय सोडून. ओबेड माझ्या दारात टोपी काढून उभा राहिला, म्हणाला, फीनी, अंधार पडेपर्यंत वाजवला गं, हाताला फोड आले. मी त्याचे हात हातात घेतले. त्याचे! रडले मी त्या हातांवर.

दोन वर्षं मला ठाऊक नव्हतं. मग जॉब, गलबतावरचा आचारी, खोकल्याच्या रोगानं अंथरुणाला खिळला, त्याला रस्सा घेऊन गेले होते. म्हणाला, फीनी, मी बायबलवर हात ठेवून गप्प राहायची शपथ घेतलीय, पण मरताना पोटात ठेवून जाववत नाही. चहा घेऊन वर गेलो तर ओबेड भोंग्यावर डोकं टेकून झोपलेला. किती वेळ? देव जाणे. चिरायला बसल्यावर थोडा वेळ ऐकू येत होता, मग बंदच झाला, आम्हाला वाटलं एलाय आला. दोन तास तरी. मी हलवून उठवला. — दोन तास, पोरी! दोन तास माझा माणूस त्या पांढऱ्या धुक्यात कान लावून बसला असेल, की आत्ता वाजेल, आत्ता वाजेल. आणि हा घोरत होता.

रस्सा तिथंच ठेवला. घरी आले. विळा घेऊन गेले नाही, शिव्या दिल्या नाहीत. एवढंच ठरवलं — झोपेनं माझा माणूस खाल्ला ना, मग त्याची झोप मी खाणार.

आता तू विचारशील, म्हातारी त्याच्यावर घातली कशी. घालता येते, हो. वैऱ्याचं नाव घेऊन प्रभूची प्रार्थना शेवटापासून उलटी म्हणायची, असं जुनी माणसं सांगत. मी काय केलं? पोस्टातल्या डॉर्कसला जाऊन फक्त विचारलं — काय गं, उलटी म्हणायची तर ‘आमेन’ आधी की मागून? बस्स. डॉर्कसला सांगणं म्हणजे चर्चची घंटा वाजवणं. संध्याकाळपर्यंत ओबेडच्या घरी पोचलं, आणि का, तेही त्याला कुणी सांगावं लागलं नसणार. त्या रविवारी चर्चमध्ये मी माझी नेहमीची जागा सोडली आणि त्याच्या पाठीमागच्या बाकावर बसले. सगळे प्रार्थना म्हणत होते, मीही ओठ हलवत होते — पण त्यांच्या जरा मागं, जरा वेगळं. त्याच्या मानेवरचे केस उभे राहिलेले मी डोळ्यांनी पाहिले.

अगं, मला येतच नव्हती ती उलटी! दोन शब्द उलटे म्हणून बघ, जीभ अडकते. नुसतं पुटपुटत होते. पण आली ती. तिसऱ्याच दिवशी आली त्याच्याकडं. मग रोज. झोपायला भ्यायला लागला, जागून जागून डोळे लाल — आणि तूच म्हणालीस ना मघाशी, जागरण झालं की जास्त येते? बघ म्हणजे. एक धक्का मी दिला, पुढचं गाडं त्याचं त्यानंच ओढलं. कुशीवर झोपून पाहिलं, झोपेत उताणा व्हायचाच. शेवटी छातीवर फळी बांधून झोपायला लागला, खिळ्यांची टोकं वर काढलेली, म्हातारी बसायला गेली की टोचावी म्हणून. कुशीवर वळला की खिळे त्याच्याच दंडात. सलीनाच्या, त्याच्या बायकोच्या दोरीवर त्याचे सदरे वाळत घातलेले असायचे, बाह्यांवर लाल ठिपके. मी मासे वाळवताना मोजायचे ते ठिपके. गोड वाटायचं. खोटं कशाला बोलू.

सलीना आली एकदा, बेरीच्या मुरांब्याची बरणी घेऊन. म्हणाली, फीनी, सोड त्याला. म्हटलं, मी कुठं धरलाय? म्हणाली, त्याला तुझंच तोंड दिसतं गं, गुडघे छातीवर रोवून बसलेली असतेस. म्हटलं, मी तर माझ्या घरी गाढ झोपलेली असते, बाई. तुझा मुरांबा घेऊन जा. मग तो स्वतः आला. नुसती हाडं राहिली होती. काय हवंय तुला? म्हटलं, भोंग्याचं सांग. मला नको, चर्चमध्ये सांग. आणि सांगितलंन त्यानं! सगळ्यांसमोर उभा राहून, बाकाला धरून — मी झोपलो होतो. एलाय माझ्यामुळं गेला. बायका रडल्या. पाद्री त्याला मिठी मारून म्हणाला, देवानं क्षमा केली. सगळे वळून माझ्याकडं बघायला लागले. मी मान हलवली. हो म्हणून.

आणि त्याला झोप लागली. आठवडाभर. सलीना विहिरीवर सांगत होती, लेकरासारखा झोपतो हो आता, दुपारीसुद्धा. दुपारीसुद्धा! ऐकलंस? दुपारीच तर झोपला होता तो! माझ्या हातातली बादली... असू दे. पुढच्या रविवारी मी परत त्याच्या मागच्या बाकावर जाऊन बसले. ओठ हलवले.

ओठांचं हे त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. पुढं जे घडलं ते क्षमेच्या आधीचंच उरलेलं, असंच लोक धरून चालतात.

महिन्यानं असेल, दुपारचीच वेळ, लख्ख ऊन, तेल ओतल्यासारखा समुद्र. तो एकटाच जाळी बघायला होडीतून गेला होता. आम्ही सगळ्या बायका किनाऱ्यावर मासे उलटत होतो. होडी पाण्याच्या ओढीनं खडकांकडं वाहत चालली, आणि हा ताठ बसलेला. झोपला होता की जागा होता, तुझी ती म्हातारी बसली होती की काय, मला काय ठाऊक? डोळे उघडे होते म्हणतात. सगळ्या धावल्या, किंचाळल्या — ओबेड! ओबेड! वल्ही मार! एप्रन फडकावले, पत्र्याचे डबे बडवले. खाडीत सगळ्यात मोठा आवाज माझा. बोटीवरच्या माणसाला जेवायला हाक मारायची झाली की शेजारणी मलाच सांगत.

मी नाही ओरडले.

हातात मासा होता, तो उलटला. मीठ झटकलं. होडी खडकावर आपटून ओबेड गेला, तो आवाज आला तेव्हासुद्धा मान वर केली नाही.

काय? मला येते का म्हातारी? चांगला प्रश्न आहे. नाही येत. चाळीस वर्षांत एकदाही नाही. मी मुद्दाम उताणी झोपते, ऐक, उशी काढून टाकते — येऊ दे म्हटलं ओबेडला, बसू दे छातीवर, दोन शब्द बोलून तरी घेऊ. कुणी येत नाही. दगडासारखी झोपते मी. आणि त्याआधी एलाय यायचा. स्वप्नात. ओल्या कपड्यांनी दारात उभा राहायचा, पण यायचा. आठवड्यातून दोनदा, तीनदा. ज्या दिवशी मी तो मासा उलटला ना, त्या दिवसापासून... नाही. त्याचं तोंडही आता नीट आठवत नाही मला. स्वप्न म्हणून काही पडतच नाही. तुमच्या पुस्तकात आहे का हे? असं होतं का कुणाला? बोल की. शिकलेली आहेस ना तू?

ते आवाज धरायचं यंत्र चालू होतं का गं एवढा वेळ?

बंद कर. बंद कर म्हणते ना. कप तसाच राहू दे. बोट सुटेल तुझी, जा.