गाडीपर्यंत पोचवताना

आजच्या सत्कार सोहळ्याचे अध्यक्ष आदरणीय जयराजदादा, ज्यांच्यासाठी आपण सगळे आज सांगलीत जमलो ते निवृत्त होणारे आपले व्यवस्थापक धैर्यशील साहेब, सौ. राजनंदिनी वहिनी, साहेबांच्या जागी आलेले ऋषिराज साहेब, व्यासपीठावरील मान्यवर आणि कोरेगाव, पाटण, मिरज या तिन्ही शिलाई युनिटमधल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी आम्रपाली बनसोडे, कोरेगाव युनिटची सुपरवायझर. साहेबांबद्दल चार चांगले शब्द बोल आणि खाली बस, असं मला बजावलेलं आहे. चांगलंच बोलणार आहे. खाली कधी बसेन ते मात्र सांगता येत नाही.

महापुरात सांगलीचा रस्ता बंद झाला, तेव्हा हेच साहेब रोज सकाळी आम्हाला मोबाईलवर दिसायचे. कोण कुठं अडकलंय, कुणाच्या घरात पाणी शिरलंय, सगळं नावानिशी विचारायचे. त्या दिवसांत तेवढाच आधार होता. तेव्हा ही बाई मोबाईलला नावं ठेवायला उभी राहिली, असं कुणी समजू नये. कापड आलं का, बटणं पोचली का, एवढं विचारायला सांगलीहून गाडी कशाला पळवायची? डिझेल काय फुकट मिळतं?

पण साहेबांचा एक शिरस्ता होता. सांगायचं असेल तर ते स्क्रीनवर सांगायचे, विचारायचं असेल तर स्वतः यायचे. मागं एकदा कामाची वेळ पहाटेवर न्यायचं त्यांच्या मनात आलं. कोरेगावला आले, सगळ्यांना बसवून विचारलं, "जमेल का?" आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. चहा झाला. साहेब निघाले, तशा आम्ही रीतीप्रमाणे त्यांना गाडीपर्यंत पोचवायला गेलो. तिथं आमच्या रंगूबाई पुढं झाल्या नि म्हणाल्या, "आवं सायेब, समद्या व्हय म्हनल्या, पन येणार कुनी न्हाई. धारा कुनी काडायच्या? पोरांचं डबं कुनी करायचं?"

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, मघाशी तोंड शिवलं होतं का? साहेब परत आत आले, पुन्हा बसले. वेळ बदलली नाही. तेव्हापासून मीटिंग संपली की ते गाडीचं दार उघडून उगाच उभे राहायचे आणि म्हणायचे, "हं, आता बोला."

आमच्याकडं भरल्या बैठकीत वडीलधाऱ्याला, पाहुण्याला तोंडावर नाही म्हणत नाहीत. त्याचा मान जातो. खरं काय ते त्याला वाटेला लावताना सांगायचं. बरोबर की चूक ते शहाण्यांनी ठरवावं, पण रीत आहे खरी.

आता परवाचं सांगते. कोण चिठ्ठी पाठवतंय? राहू दे तिकडंच. दादा, तुम्ही घड्याळ बघताय ते कळतंय मला.

धैर्यशील साहेब गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मिरजेच्या दवाखान्यात होते. ऋषिराज साहेबांनी पहिली मीटिंग स्क्रीनवर घेतली. कोरेगावची मशिनं मिरजेला हलवायची, बायकांसाठी बस सोडायची, असं बोलले आणि विचारलं, "कुणाला काही अडचण?" नवा माणूस, पहिली भेट. सगळ्या एका सुरात म्हणाल्या, "नाही साहेब."

आणि स्क्रीन बंद झाली.

रंगूबाई उठल्या, पदर नीट केला आणि दाराकडं निघाल्या. म्हटलं, कुठं चाललात? तर म्हणाल्या, "सायबाला गाडीपतोर नगं व्हय सोडाया?" बोलून गेल्या आणि तिथंच थांबल्या. बाहेर गाडी कुठली? हसू यायला हवं होतं, पण कुणी हसलं नाही.

नंतर सांगलीच्या ऑफिसला फोन केले. उत्तर मिळालं, सर्वांची संमती आहे, रेकॉर्डिंग आहे, पुढच्या मीटिंगला बोला. पुढच्या मीटिंगला? सोमवारी मशिनं ट्रकात चढणार आहेत. कोरेगावहून मिरज म्हणजे पहाटे निघायचं आणि लेकरं निजल्यावर परत यायचं. घरात म्हातारी सासू आहे, दावणीला म्हैस आहे. आमच्यातल्या निम्म्या बायकांची नोकरी सोमवारी सुटते, साहेब. तीसुद्धा "नाही साहेब" म्हटल्यामुळं.

ऋषिराज साहेब, तुमचा मला राग येतो, पण तुम्ही खोटं बोललात असं मी म्हणणार नाही. तुम्ही विचारलंत, आम्ही होकार दिला. म्हणून आज रीत मोडते. गाडीची वाट न बघता, भरल्या सभेत, सगळ्यांसमोर सांगते: आम्हाला मान्य नाही.

रंगूबाई, उठा. ज्यांना मिरजेला येणं जमणार नाही, त्या सगळ्या उभ्या राहा. लाजू नका गं. शेवंता, तूसुद्धा.

बघा साहेब. नीट बघा.

धैर्यशील साहेब, वहिनी, तुमच्या सत्काराच्या दिवशी मी हे काढलं. दुसरा दिवस आमच्या हातात नव्हता. तुम्ही आम्हाला माणसात धरलंत, त्याचे उपकार फिटायचे नाहीत. गुडघ्याला जपा. दादांनी बोलू दिलं, सभेनं ऐकून घेतलं, सगळ्यांची मी ऋणी आहे. मानपानात काही कमीजास्त झालं असेल, तर लेक समजून पोटात घाला.

आता या उभ्या राहिलेल्या बायकांना "बसा" म्हणायचा मान माझा नाही, तो ऋषिराज साहेबांचा. पण त्याआधी सोमवारी मशिनं जाणार की राहणार, तेवढं त्यांनी सांगावं. हा माईक घ्या, साहेब.