उतरंडीतला चौथा दगड

रिसोडच्या बसस्टँडवर कंचनबाईंचा कान मागच्या बाकाला लागला होता. तिथे एक सासू-सून बसल्या होत्या. सुनेने डोंगरावरच्या देवीपाशी नवं घर व्हावं म्हणून दगडावर दगड ठेवून उतरंड रचली होती, अन् सासू हिशोब विचारत होती.

"घरात जेवढे मान्सं, तेवढे दगड. तू किती ठेवले, रूपाली?"

"चार, आत्याबाई."

"माहा हरीओम तं तीन म्हने."

"ते नारळ फोडून राह्यले होते. त्यायनं काय पाह्यलं?"

"माहा कोनता मंग?"

"सगळ्यात खालचा, मोठा."

"खालचा काहून? साऱ्यायचं ओझं माह्याच डोक्शावर?"

"वर ठेवला असता तं म्हनल्या असत्या, ढकलाले ठेवला."

कंचनबाईंची शिरपूरची गाडी लागली, तरी त्या उठल्या नाहीत.

"येत्या मंगळवारी मी सोता वर जाऊन पाह्यतो."

"तुमाले घराची पायरी चढवत नाई. डोंगर कसा चढसान?"

"गुडघ्यायचं मी पाह्यतो. तू डोंगर दाखव."

"अन् वाऱ्यानं उतरंड पडली असन तं?"

"तं माह्या हातानं रचीन. पयला दगड माहा."

सासू-सुनेचीही गाडी आली. सुनेने हात पुढे केला. सासूने तो बाजूला सारला, गाडीचा दांडा धरला अन् गुडघा दाबत ती पहिली पायरी चढली.