आठवा टेक

(मुंबईतलं मढ, १९६७. भाड्याच्या बंगल्यात शूटिंग थांबलंय. शिवदास डायरेक्टरचा सहायक. जेकब मार खाणारा एक्स्ट्रा, यादीत 'गोरा नंबर दोन'; व्हायोलेट त्याची बायको.)

शिवदास : सात टेक झाले, जेकब अंकल! हीरो ठोसा मारतो, तुम्ही उभे. परत मारतो, परत उभे. रडकुंडीला आलाय तो.

जेकब : त्याचा ठोसा लागत नाही.

शिवदास : लागायचा नसतोच! सिनेमा आहे हा. हात हनुवटीच्या बाजूने जातो, आपण पडायचं. खाली गादीपण घातलीय.

व्हायोलेट : उगाच घातलीस. माझा नवरा झोपतोसुद्धा बसून.

शिवदास : आंटी, तुम्ही तरी सांगा ना यांना! डायरेक्टर म्हणाला, आता गोरा नंबर दोन पडला नाही तर शिवदासने उद्यापासून यायचं नाही.

जेकब : मग हीरोला पाडू.

शिवदास : त्याची आई आलीय सेटवर. अंकल, बॉक्सर होता ना तुम्ही? कधी पडलाच नाहीत?

जेकब : पोलंडमध्ये खूप पडलो. पंच दहा मोजायचा, मी उठायचो. मग जर्मनांनी आम्हा ज्यूंना छावणीत टाकलं. दर रविवारी साहेब लोक खुर्च्या टाकून बसायचे, दोन ज्यूंना लढवायचे. पडला त्याला भिंतीमागे नेऊन गोळी. दहा कोणी मोजत नव्हतं.

शिवदास : आणि जिंकला त्याला?

जेकब : पाव. आणि पुढचा रविवार.

व्हायोलेट : लिओचं सांग.

जेकब : नको.

व्हायोलेट : मग मी सांगते. लिओ याच्याच गल्लीतला. एकत्र बॉक्सिंग शिकले. एका रविवारी दोघांनाच समोरासमोर उभं केलं.

जेकब : मी ठोसा मारला. मुद्दाम हनुवटीच्या बाजूने. लागला नाही. तो पडला.

शिवदास : न लागता?

जेकब : झकास पडला. तुझ्या डायरेक्टरला आवडला असता.

शिवदास : राहू दे, अंकल. तुमचा पाय मुरगळला म्हणून सांगतो मी.

जेकब : तुझी नोकरी?

शिवदास : साकीनाक्याला मामाचा कारखाना आहे. बादल्यांना कड्या लावीन.

व्हायोलेट : तू? तुला साधी खुर्ची उघडता येत नाही रे.

जेकब : कड्या नको. कॅमेरा लाव. पडतो मी.

शिवदास : नक्की?

जेकब : फक्त पडल्यावर 'नंबर दोन, ऊठ' असं ओरडू नको.

शिवदास : मग काय करू?

जेकब : नावाने हाक मार. लगेच.