कबूल केलंत ना, मग आता काय?

नाही, मला एक सांगा, ज्या दिवशी माझी बस गॅरेजात इंजिन उतरवून पडली होती, त्या दिवशी ती कुणाच्या उभ्या गाडीला धडकून पळाली कशी? ढकलत नेली मी? पण ऐकतंय कोण! जिथे जावं तिथे एकच... “पण तुम्ही गुन्हा कबूल केलात ना?”

केला! केला हो! तुम्हाला सांगतो, मी शाळेची बस चालवतो. तारीख लागली नेमकी शाळा सुटायच्या वेळेला. वकील कानाशी लागून म्हणाला, “काका, नाही म्हणालात तर वर्षभर खेटे घालाल. हो म्हणा, दंड भरा, मोकळे व्हा.” माझ्या डोळ्यांपुढे फाटकाशी ताटकळलेली पोरं! त्यातली ती पहिलीतली चिमुरडी, जरा उशीर झाला की भोकाड पसरते... म्हटलं हो! पोरं वेळेवर घरी पोचली, आणि पुढच्याच आठवड्यात शाळेनं माझ्याकडून बसची चावी काढून घेतली. गुन्हेगाराच्या हाती मुलं कशी सोपवायची म्हणे!

गेलो वरच्या कोर्टात. कारकून चष्म्यावरून बघत, “कबूल केलंत ना? मग अपील कशाचं? खाली जा.” खाली गेलो. “निकाल लागला, आता आमच्या हातात काही नाही, वर जा.” अहो, गॅरेजवाला साक्षीला तयार आहे! “असेल. पण तुम्ही कबूल केलात ना?” मग कुणीतरी म्हणालं, सल्ला चुकीचा होता असं वकिलाकडूनच लिहून आणा. गेलो. तो दात काढून म्हणतो, “मी मूर्ख आहे हे माझ्याच सहीनं देऊ?” घरी बायको म्हणते, “तुम्ही द्या, तुमचं तर सिद्धच झालंय.”

हसू नका हो... काल बस समोरून गेली, दुसराच कुणी चालवत होता, आणि ती चिमुरडी खिडकीतून मला हात करत होती. भर रस्त्यात रडू आलं मला.

शेवटी एक वकीलबाई भेटल्या. म्हणाल्या, “मार्ग आहे. कबुली खोटी होती असं शपथेवर लिहून द्या.” म्हटलं देतो, सही कुठे करू? “थांबा, घाई नको. म्हणजे तुम्ही कोर्टापुढे खोटं बोललात. त्याचा वेगळा खटला होऊ शकतो.” मग हो? “मग काय, तो गुन्हा कबूल करून टाका, लवकर सुटाल!”

करतो बापडा. निदान हा तरी मी खरंच केलाय.